टनांचा हिशेब आणि श्वासांचा हिशेब

हिवाळा लागला की मुंबईच्या हवेची चर्चा ठरल्या वेळी सुरू होते, पावसाळ्यात खड्ड्यांची होते तशी. आधी आजचा निर्देशांक, मग दिल्लीशी तुलना, मग टक्केवारीचे भांडण: रस्त्यावरची धूळ किती, बांधकामे किती, वाहने किती. दिल्लीने २०२१ साली हवा गाळणारे मनोरे उभारले. उघड्या आभाळाखाली पंखे लावून शहर स्वच्छ करण्याच्या या कल्पनेवर शब्द खर्च करायचे कारण नाही. ‘आपल्या फुप्फुसांना सवय आहे’ म्हणणाऱ्यांवर तर नाहीच. टक्केवारीवर मात्र करायला हवेत, कारण ती शास्त्रीय दिसते. तिच्यामागचे गृहीतक असे, की टनभर धूर म्हणजे टनभर धूर, मग तो कुठूनही निघो.

कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने जवळजवळ चाळीस वर्षे, २०२० साली निधन होईपर्यंत, याच गृहीतकाशी झगडा केला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातेतल्या चार खेड्यांत त्यांनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी कण मोजणारी उपकरणे गावच्या चावडीवर न ठेवता स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर लावली. चूल पेटलेली असताना घनमीटरमागे सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम कण भरले. त्यात सर्व आकारांचे कण होते, त्यामुळे आजच्या सूक्ष्म कणांच्या मर्यादेशी (२४ तासांसाठी ६० मायक्रोग्रॅम) ही तुलना सरळ होत नाही. पण ओल्या काटक्या धरत नाहीत तेव्हा चुलीपुढची बाई काय करते ते पाहावे. ती फुंकणी तोंडाला लावून छातीतली सगळी हवा आत घालते, आणि रिकाम्या छातीने पुढचा श्वास खोल ओढते तो त्याच धुरातून. स्मिथ यांनी पुढे हेच गणितात मांडले. उंच धुराड्यातून निघालेल्या दहा लाख ग्रॅम कणांतला ढोबळमानाने एखादा ग्रॅम कुणाच्या तरी छातीत जातो. घरात निघालेल्या तेवढ्याच कणांतले हजारएक. आकडे जागेप्रमाणे बदलतील. पण फरक हजारपटीच्या आसपासचा असेल, तर टनांनी लावलेली गुन्हेगारांची यादी श्वासांनी लावल्यावर त्याच क्रमाने उरत नाही.

यावर टनवाल्यांचे म्हणणे, की धूर शेवटी बाहेरच येतो, शहराच्या हवेत मिसळतो आणि आमच्या गच्चीवरच्या यंत्रात मोजला जातो. मिसळतो खरा, पण मिसळण्याआधी तो कुणाच्या तरी नाकावरून जातो, आणि यंत्र त्यानंतरचे उरलेसुरले मोजते. सरासरी हवा कुणीच घेत नाही. दुसरे म्हणणे सोयीचे आहे: प्रत्येकाच्या गळ्यात यंत्र कसे अडकवणार? अडकवू नये; पण सोयीचे माप आणि खरे माप यांतला फरक विसरून त्यावर धोरण आखू नये. लंडनच्या १९५२ च्या धुरक्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. १९५६ च्या कायद्याने कारखान्यांबरोबर घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्यांनाही हात घातला, हे सांगायचे राहून जाते.

खरी अडचण वेगळीच आहे. भारतासह (इथे तमिळनाडूत) चार देशांत सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्या घरांना गॅस दिला, तिथल्या स्त्रियांच्या वाट्याला येणारे सूक्ष्म कण जवळपास एकतृतीयांशावर आले. तरी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. श्वासाच्या बाजूने बोलणाऱ्याला हे गिळणे जड जाते. गॅस आला तो गर्भारपणात, त्याआधीची धुरातली वर्षे कुठे गेली, असा बचाव करता येईल. तो सिद्ध झालेला नाही. पण धूर कमी होऊनही वजन वाढले नाही, एवढे तरी आपण ठामपणे म्हणू शकतो ते माप बाईच्या अंगावर होते म्हणून. ते गच्चीवर असते, तर धूरच कमी झाला नसेल म्हणून विषय मिटला असता.

गच्चीवरच्या यंत्राखाली, सोसायटीच्या फाटकाशी, डिसेंबरच्या रात्री वॉचमन खोक्याचे पुठ्ठे आणि तुटक्या खुर्चीची फळी जाळून शेकत असतो. सगळे मिळून दोन-चार किलो जळण. त्याने आकडा हलत नाही. वॉचमन पहाटेपर्यंत तिथेच बसून असतो.