हुकूम कुणाच्या दारी पोहोचतो?



आपला गगनबावडा एकेकाळी पंत अमात्यांची जहागीर होता. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ लिहिले. त्यात राज्यकर्त्याला बजावले आहे, की आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ती झाडे तिने लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड न्यायचेच झाले, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावे.

हुकूम देणाऱ्याला जहाज दिसते, झाडापाशी रडणारा दिसत नाही. मुकादम, मुख्याध्यापक, साहेब आणि आम्ही धर्मगुरू, सर्वांचे असेच होते. आपला हेतू आपल्याला ठाऊक असतो, पण त्याचा परिणाम दुसऱ्याच्या घरी घडतो. म्हणून डोळे मिटून केलेले आत्मपरीक्षण अपुरे पडते. हाताखालच्या माणसालाही विचारावे लागते, आणि खरे बोलल्याबद्दल त्याच्यावर रागावून चालत नाही.

हाताखालच्यांनीही पाठीमागे कुजबुजू नये. बंधूचा अपराध आधी एकांतात दाखवावा, अशीच प्रभूची शिकवण आहे.

ज्यांच्या हाती अधिकार आहे, त्यांनी या आठवड्यात एका तरी माणसाला विचारावे, “माझ्या कोणत्या हुकुमाचा तुम्हांला जाच होतो?” आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नये.