आधी पोचेल त्याची जागा

शरीरात नव्याने बसवलेल्या खुब्याच्या सांध्यावर सुरुवातीला कुणाचाच ताबा नसतो. शरीराच्या पेशी तिकडे निघालेल्या असतात, जिवाणूही निघालेले असतात. आधी पोचेल त्याची जागा. अँथनी ग्रिस्टिना यांनी 1987 साली याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटले. जिवाणूला वैर ठाऊक नसते. त्याला टेकायला जागा हवी असते. बहुतेक आक्रमणे अशीच, द्वेषाशिवाय होतात.

टेकलेला जिवाणू फार काळ एकटा राहत नाही. सगळे मिळून भोवती बुळबुळीत थर रचतात, आणि एरवी पुरे पडणारे औषध तिथे तोकडे पडते. वस्ती उठवणे कठीण. ती होऊ न देणे त्या मानाने सोपे. जिवाणूंना रोखणाऱ्या लेपाची गरज इथे सुरू होते.

1983 साली फिलिस कुन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात दारांच्या मुठी तपासल्या. स्टीलवर जिवाणूंची दाट वाढ मिळाली, पितळेवर तुरळक. पितळेतले तांबे त्यांना मारत होते. पितळ काळवंडते, स्टील चकाकत राहते. माणूस स्वच्छता डोळ्यांनी ठरवतो, आणि डोळ्यांना चकाकी पुरते.

तांब्यासारखीच जिवाणू मारणाऱ्या चांदीने भाजलेल्या जखमांवर अनेक जीव वाचवले आहेत. तरी 1975 साली बॉस्टनच्या एका जळीत विभागात चांदीला न जुमानणारा साल्मोनेला जिवाणू आढळला, रुग्ण दगावले. सर्रास परजलेले हत्यार शत्रूच्या अंगवळणी पडते. आज मोज्यांतही चांदी घालून विकतात. घामाच्या वासासाठी ही उधळपट्टी थांबायला हवी.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना 2012 साली सिकाडा या किड्याच्या पंखावर विषाविना मरण सापडले. पंखावरचे अतिसूक्ष्म खांब जिवाणूचे आवरण ताणून फाडतात. पण मेलेले तिथेच चिकटून राहतात, आणि त्यांच्या थरावर नवे येऊन बसू शकतात. प्रत्येक विजयानंतर ढिगारा उरतो. तो उपसणाऱ्यांची नावे विजेत्यांत नसतात.

लघवीच्या नळीवरही चांदीचा लेप देतात. ब्रिटनमधल्या 24 रुग्णालयांत सुमारे 7,000 रुग्णांवर झालेल्या आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थोड्या दिवसांच्या वापरात ती नळी नेहमीच्या नळीहून सरस ठरली नाही. लेपांचा शोध चालूच राहावा. त्यावर पुष्कळांचे जगणे अवलंबून आहे. पण नळी जितके दिवस आत, तितका धोका वाढतो, हे लेपाने बदललेले नाही. खाटेला टांगलेली पिशवी थेंबाथेंबाने भरताना ज्याने रात्री पाहिली आहे, तो राउंडच्या वेळी एकाच प्रश्नाची वाट पाहतो: ही आज काढता येईल का? तो विचारला गेला, की सिस्टर लगेच उत्तर देते. कितवा दिवस आहे, हे चार्टवर तिनेच रोज लिहिलेले असते.