खोडरबर तर आमचेच होते

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरचा कॉम्प्युटर बंद पडला. अगदी बंद म्हणता येणार नाही. बटण दाबले की पंखा फिरे, आतून लांबच लांब ‘टूंऽ’ असा आवाज येई, आणि स्क्रीन मात्र काळीच राही. घरी शिकवणीला येणाऱ्या मुलांचे पेपर त्यातच टाइप केलेले होते, शिवाय जुने फोटोही. म्हणून जीव टांगणीला लागला.

आपण सगळे अशा वेळी जे करतो ते आम्हीही केले. प्लग काढून पुन्हा लावला, वायरी हलवल्या. कोणी बघत नाही असे पाहून डब्यावर एक थापटही मारली. मुलाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, “बाबा, दहा वर्षं झाली त्याला. टाकून द्या, लॅपटॉप घ्या.” टाकून द्या म्हणायला त्याला अर्धे मिनिटसुद्धा लागले नाही.

शेवटी वर्ध्याहून दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावले. भर दुपारी, तोंडाला दुपट्टा बांधून, तो मोटारसायकलवर बोरगावात आला. पाणी प्यायला आणि विचारले, “का झालं होतं काकाजी? काही केलं का?”

“काहीच नाही. आपोआप बंद पडला.”

हे वाक्य त्याने किती घरी ऐकले असेल! आणि ते खरेही नव्हते. आठ दिवसांपूर्वी आम्हीच टेबल ओढून कूलरसमोर आणले होते. आपल्याला गार लागते तसे यंत्रालाही लागावे, हा आमचा हेतू. त्याने एकदा कूलरकडे पाहिले, एकदा टेबलाकडे, आणि काही न बोलता डबा उघडला. आत धुळीची गादी जमली होती. ती त्याने ब्रशने काढली, मग बोटभर रुंदीची हिरवी पट्टी उपसली. तिला रॅम म्हणतात. कॉम्प्युटर काम करत असताना लागणारी माहिती तिच्यात राहते. पट्टीच्या कडेला सोनेरी दात असतात. कूलरच्या दमट हवेने आणि धुळीने त्यांच्यावर मळ धरतो, मग पट्टी जागेवर असूनही यंत्राला ती सापडत नाही, आणि ते ओरडत राहते.

“काकू, खोडरबर हाय का?”

नातीच्या कंपासपेटीतले खोडरबर दिले. त्याने दात हलक्या हाताने घासले, पट्टी खाचेत दाबून बसवली, बटण दाबले. या वेळी एकच छोटी ‘टिक्’ झाली आणि स्क्रीन उजळली. घड्याळ भलतीच जुनी तारीख दाखवत होते म्हणून आतली नाण्याएवढी बॅटरीही त्याने बदलली. सगळे मिळून दहा-बारा मिनिटे.

“साडेतीनशे द्या. तीनशे कामाचे, पन्नास बॅटरीचे.”

बॅटरीच्या पन्नासला आम्ही लगेच मान डोलावली, कारण बॅटरी दिसत होती. पण तीनशे? आमच्या तोंडून निघून गेले, “कशाचे तीनशे? खोडरबर तर आमचंच होतं!” मनात हिशेबही झाला होता: दहा मिनिटांचे तीनशे म्हणजे तासाचे अठराशे. इतके तर आम्हाला नोकरीत कधी मिळाले नाहीत. घासाघीस करून दोनशे हातावर ठेवले. तो हसला नाही, रागावलाही नाही. दुपट्टा बांधून निघून गेला. आपण जिंकलो असे त्या दिवशी आम्हाला वाटले होते, हे कबूल करायला हवे.

त्याच आठवड्यात आम्ही नवा मोबाइल घेतला, साडेसोळा हजारांचा. वर कव्हर आणि काच. तिथे एक रुपयाची घासाघीस केली नाही. छापलेल्या किमतीशी भांडता येत नाही, असे आपण समजून चालतो. आणि रविवारी मिस्सेत ‘बेरोजगार तरुणांना काम मिळावे’ अशी विनंती वाचली गेली, तेव्हा ‘हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक’ असे आम्ही मोठ्याने म्हणालो. म्हणता म्हणता आवाज जरा खाली आला.

त्या दिवसापासून एक प्रश्न आम्हाला सोडत नाही. समजा, त्या मुलाने डबा उघडून मान हलवली असती आणि म्हटले असते, “मदरबोर्ड गेला काकाजी, दुकानात न्यावा लागेल.” दोन दिवसांनी तोच कॉम्प्युटर आणून दिला असता आणि अडीच हजार मागितले असते. आम्ही दिले असते, वर चहा पाजून आभारही मानले असते. त्याला हे ठाऊक नव्हते काय? चांगलेच ठाऊक असणार. तरी त्याने आमच्या डोळ्यांदेखत, आमच्याच खोडरबराने काम केले. खरे उघड दाखवले म्हणून त्याचे काम आम्हाला स्वस्त दिसले. खोटे बोलला असता तर ते महाग आणि मोलाचे वाटले असते. दुरुस्तीवाले फसवतात अशी तक्रार आपण सगळेच करतो, आणि काही जण फसवतातही. पण त्यांना फसवायला शिकवतो कोण?

सायकलचे पंक्चर काढताना पाण्यात बुडबुडे दिसतात, चांभार टाका घालताना टाका दिसतो. या डब्यात आपल्याला काहीच दिसत नाही, म्हणून आपण एक तर आंधळा विश्वास ठेवतो, नाही तर आंधळा संशय घेतो. मध्ये उभे राहणे जमत नाही. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तासभर राबलेल्यालाही पूर्ण रोज मिळतो. तो ऐकताना आपण धन्याच्या उदारपणाने भारावतो, पण स्वतः धनी झालो की घड्याळ बघतो. त्या मुलाचे दहा मिनिटांचे काम म्हणजे दहा मिनिटे नव्हती. वर्ध्याच्या उन्हातले येणे-जाणे त्यात होते, शिकण्यात गेलेली वर्षे होती, आणि काम न मिळालेले तासही होते.

पुढे पाहुण्यांना घेऊन मगनवाडीला मगन संग्रहालयात जाणे झाले. गांधीजींच्या हस्ते १९३८ साली उघडलेले हे संग्रहालय आपल्या इतके जवळ, म्हणूनच आपण तिथे फारसे जात नाही. तिथले चरखे पाहताना एक जुनी गोष्ट आठवली. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अटी वाचण्यासारख्या आहेत. किंमत दीडशे रुपयांहून जास्त नको. खेड्यातल्या साध्या घरात बाईला फार न थकता आठ तास चालवता यावा. आणि वेळोवेळी दुरुस्ती करून निदान वीस वर्षे चालावा, त्या देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा. म्हणजे फार तर साडेसात रुपये. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. पण यंत्र जन्माला येण्याआधीच दुरुस्तीचा हिशेब किमतीला जोडलेला होता, हे आम्हाला विशेष वाटते. आमच्या नव्या मोबाइलच्या खोक्यावर असा हिशेब कुठे आहे?

याच मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती घरातले, पेशाने हिशेब तपासनीस. वस्तू कशी तयार झाली याची जबाबदारी ती विकत घेणाऱ्यावरही येते, असे ते मांडत. आमचा हिशेब त्यांनी तपासला असता तर दीडशेची तूट लगेच काढली असती.

तूट फेडायला वेळ लागला. संकोच वाटत होता. हिवाळ्यात एकदा त्याच्या दुकानात गेलो. तो एका मुलीचा पातळ लॅपटॉप उघडून बसला होता. यात रॅम बोर्डालाच डाखलेली असते, उपसून घासता येत नाही, असे तिला समजावत होता. मागे जुन्या डब्यांची रास होती. त्यांतल्या बऱ्याच जणांत काही बिघाड नव्हता, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० साठी मिळणारी मोफत सुरक्षा संपली आणि नवी विंडोज त्यांच्यावर बसत नाही, म्हणून लोक ते देऊन गेले होते. काहींत तो लिनक्स घालून चालू करतो म्हणाला. घेणारे कमी आहेत.

आम्ही दीडशे रुपये काढून पुढे ठेवले. “उन्हाळ्यातले राहिले होते.” त्याला आठवायला क्षणभर लागला. मग नोटा मोजून त्याने गल्ल्यात टाकल्या आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घेत विचारले, “टेबल कूलरपासून हटवला का काकाजी?”

हटवला नव्हता.