रेखाक्षर आणि नाद

स्वरलेखनाची चिन्हे शिकणे हा संगीतशिक्षणाचा आरंभीचा आणि काहीसा रुक्ष भाग मानला जातो. परीक्षेपुरती ती पाठ करावीत आणि गळ्यावर स्वर चढू लागले की विसरावीत, एवढीच त्यांची किंमत केली जाते. या चिन्हांच्या मुळाशी मात्र एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. स्वर हा कानाचा विषय, चिन्ह हा डोळ्याचा. स्वर उमटताच विरू लागतो, चिन्ह कागद टिकेल तोवर जागचे हलत नाही. मग एकावरून दुसऱ्याचा बोध होतो तो कशाच्या बळावर, आणि तो बोध खरा म्हणावा की केवळ सोयीचा? वेदपठणाच्या संदर्भात शिक्षाकारांना, म्हणजे वेदोच्चाराचे नियम सांगणाऱ्या शिक्षाग्रंथांच्या कर्त्यांना, शब्दाच्या संदर्भात मीमांसकांना व नैयायिकांना, आणि ब्रह्मज्ञानाच्या संदर्भात शंकराचार्यांना हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत पडलेला आहे, आणि त्यांनी दिलेली उत्तरे सरगमच्या वहीलाही लागू पडतात.

हिंदुस्थानी संगीतात आज सर्वाधिक रूढ असलेली लेखनपद्धती पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची आहे, आणि तिची प्राथमिक चिन्हे मोजकीच आहेत. शुद्ध स्वराला काहीही चिन्ह नसते. रे, ग, ध, नि यांच्याखाली आडवी रेघ ओढली की ते कोमल होतात. मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ दिली की तो तीव्र होतो. स्वराखाली टिंब असेल तर तो मंद्र सप्तकातला, म्हणजे खालच्या पट्टीतला, आणि वर टिंब असेल तर तार सप्तकातला समजावा. एका मात्रेत, म्हणजे तालाच्या एका एककात, दोन किंवा अधिक स्वर येत असतील तर त्यांच्याखाली अर्धचंद्र काढतात. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरत जाणारी मींड वरच्या कमानीने दाखवतात. मुख्य स्वराला ओझरता स्पर्श करून जाणारा कणस्वर त्याच्या डोक्याशी बारीक अक्षरात लिहितात. तालासाठी समेला फुली, खालीला शून्य आणि टाळ्यांना आकडे असतात, म्हणजे सोळा मात्रांच्या त्रितालात पहिल्या मात्रेखाली फुली, पाचवीखाली दोन, नववीखाली शून्य आणि तेराव्या मात्रेखाली तीन येतात. गीताचे अक्षर लांबवायचे असेल तर अवग्रह लिहितात. संस्कृतात लुप्त झालेल्या अकाराची खूण म्हणून असलेले हे चिन्ह येथे लांबत राहिलेल्या अक्षराची खूण झाले आहे, हा विनोद बहुधा कोणी योजलेला नसावा.

या यादीत सर्वांत निरुपद्रवी दिसणारे चिन्ह 'सा' हे आहे, आणि विचार करू लागल्यास तेच सर्वांत अवघड ठरते. कागदावरचा 'सा' कोणत्याही एका ध्वनीचे नाव नाही. एखादी गायिका काळी चारला षड्ज धरते, एखादा गायक काळी एकला. दोघांच्या वहीत अक्षर एकच असते आणि कानावर पडणारे ध्वनी दोन. षड्ज ठरला की उरलेले स्वर त्याच्यापासूनच्या अंतराने ठरतात, म्हणून येथे चिन्ह वस्तू दाखवत नसून संबंध दाखवते. नैयायिक शब्दाचा अर्थ विचारताना व्यक्ती आणि जाती असा भेद करतात. 'गाय' हा शब्द समोरच्या एका गायीचा वाचक आहे की सर्व गायींत असलेल्या गोत्वाचा, असा तो वाद आहे. 'सा' या अक्षराच्या बाबतीत व्यक्ती तर सापडत नाहीच, आणि जातीही अशी की जिची ओळख तंबोरा लागेपर्यंत पटत नाही.

चिन्ह आणि चिन्हित यांचा संबंध स्वाभाविक आहे की माणसांनी ठरवलेला, या वादात मीमांसकांची बाजू अशी की शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे, कोणी तो बसून ठरवलेला नाही. नैयायिकांच्या मते तो संकेत आहे, म्हणजे अमुक शब्दावरून अमुक अर्थ समजावा असा ठराव आहे. स्वरलिपीपुरता हा वाद एका टिंबाने निकालात निघतो. भातखंड्यांच्या पुस्तकात स्वराच्या डोक्यावरचे टिंब तार सप्तक सांगते, तर १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापणाऱ्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या पद्धतीत डोक्यावरचे तेच टिंब मंद्र सप्तक सांगते आणि तार सप्तकासाठी उभी रेघ येते. पलुस्करांच्या या खुणांना जुना आधार आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिल्या गेलेल्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात शार्ङ्गदेवाने मंद्राला टिंब आणि ताराला उभी रेघ हीच योजना सांगितली आहे. दोन समकालीन मराठी पंडित, दोघांचे हेतू जवळजवळ सारखे, आणि तरी एकाच्या वहीवरून दुसऱ्याचा विद्यार्थी वाचू लागला तर आकाशाकडे जाण्याऐवजी पाताळात उतरेल. चिन्ह हा संकेत आहे याला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

पण चिन्ह सांकेतिक ठरले म्हणून स्वरही सांकेतिक ठरत नाही. पंचम षड्जाशी जुळतो तो कोणाच्या ठरावाने नव्हे. तंबोऱ्याच्या तारा नीट लागल्या की तो जुळणे ऐकू येते, आणि ज्याने कधीही स्वरलिपी पाहिलेली नाही त्यालाही ते ऐकू येते. आज गायलेला गंधार आणि उद्या गायलेला गंधार यांबद्दल 'तोच हा' अशी जी ओळख पटते तिला दर्शनांत प्रत्यभिज्ञा म्हणतात. शब्द नित्य आहे, ध्वनी त्याला फक्त प्रकट करतो, हे मीमांसकांचे मत या ओळखीवरच उभे आहे. नैयायिक ते नाकारून म्हणतात की ध्वनी दर वेळी नवा उत्पन्न होतो आणि नष्ट होतो, 'तोच' वाटतो तो समान जातीमुळे. नित्यतेचा पक्ष घेतला तर लिहिलेले चिन्ह आधीपासून असलेल्या स्वराची केवळ आठवण करून देते. अनित्यतेचा घेतला तर ते नवा स्वर उत्पन्न करण्याची सूचना ठरते. रियाज करणाऱ्याचा अनुभव या दोन्हींच्या मध्ये कोठेतरी हेलकावत असतो, आणि तेथे दर्शनकारांपैकी एकाचाही पूर्ण विजय होत नाही.

परंपरेने लेखनाविषयी बाळगलेला संशय येथूनच येतो. ऋग्वेदाच्या संहितेत अनुदात्त स्वराखाली आडवी रेघ आणि स्वरितावर उभी रेघ असते, तर उदात्त बिनखुणेचा राहतो. भातखंड्यांच्या कोमल आणि तीव्राच्या रेघा डोळ्याला अगदी तशाच दिसतात, मात्र दोन्हींचे अर्थ वेगळे आहेत आणि केवळ आकारसाम्यावरून नाते जोडण्याचा मोह टाळलेला बरा. लक्षात घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. इतक्या नेटक्या खुणा हाताशी असूनही पाणिनीय शिक्षेने अधम पाठकांच्या यादीत लिहिलेले पाहून म्हणणाऱ्याला बसवले आहे, आणि तेही गाण्यासारखे हेल काढणारा, घाईने म्हणणारा, मान डोलावणारा, अर्थ न जाणणारा आणि दुबळ्या कंठाचा अशांच्या पंगतीला. यामागे उच्चाराच्या शुद्धतेची काळजी होती हे खरे. पण पोथी कोणाच्याही हाती लागू शकते, गुरूचे मुख मात्र अधिकारी शिष्यापुढेच उघडते, हाही हिशेब त्यात होता, आणि त्या हिशेबाची झळ शूद्रांना व स्त्रियांना शतकानुशतके लागली हे विसरून गुरुमुखी विद्येचे गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे नाही.

या संशयाला सर्वांत समर्थ उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडते. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील आरंभणाधिकरणावर भाष्य करताना शंकराचार्यांपुढे आक्षेप असा येतो की सर्व द्वैत मिथ्या असेल तर उपनिषदांची वाक्येही मिथ्या ठरतील, आणि मिथ्या साधनाने सत्य ब्रह्माचे ज्ञान कसे होईल? त्यावर त्यांनी दिलेल्या दृष्टान्तांपैकी एक लिपीचा आहे: कागदावरच्या रेघा म्हणजे अकार नव्हे, रेघेला अकार समजणे ही खोटी समजूत आहे, तरी त्या खोट्या रेखाक्षरांवरून खऱ्या अकारादी वर्णांचे ज्ञान होते. असत्यातून सत्याचा बोध होतो याचे हे रोजच्या व्यवहारातले उदाहरण आहे. 'ग'खालची रेघ कोमल गंधार नाही, कोणत्याही अर्थाने नाही. तरी तिच्यावरून कोमल गंधार कळतो. अट एकच, की रेघेचे रेघपण विसरता कामा नये. प्रतीकोपासनेच्या विचारात याच सूत्रांनी दिशेचा नियम सांगितला आहे: प्रतीकाकडे ब्रह्म म्हणून पाहावे, ब्रह्माकडे प्रतीक म्हणून पाहू नये.

दिशा उलटली की काय होते ते दरबारी कानडा रागात दिसते. दरबारीचा गंधार अतिकोमल आणि आंदोलित आहे, म्हणजे तो नेहमीच्या कोमल गंधाराहूनही उतरलेला असून एका जागी स्थिर न राहता संथपणे झुलतो. भीमपलासीचा कोमल गंधार तसा नाही. वहीत मात्र दोन्ही ठिकाणी 'ग' आणि त्याखाली एक रेघ. बावीस श्रुतींचे सूक्ष्म भेद बारा खुणांत बसवल्यावर एवढे हातचे सुटणारच. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली त्यामागची तक्रारही याच जातीची होती. पेटीची पट्टी म्हणजे लाकडात बसवलेली रेघच. भूप आणि देसकार यांचे तर स्वरही तेच, सा रे ग प ध. लिपीने पाहिले तर दोन्ही राग एक, कानाने ऐकले तर एक गंधारावर विसावणारा आणि दुसरा धैवताभोवती, वरच्या अंगाने फिरणारा. नेल्सन गुडमन या अमेरिकी तत्त्ववेत्त्याने १९६८ साली असा सिद्धान्त मांडला की लिखित स्वरसंहितेचे तंतोतंत पालन हीच संगीतकृतीची ओळख, आणि एक स्वर चुकला तरी ते वादन त्या कृतीचे नव्हे. युरोपीय रचनांनाही हे कितपत मानवते हा प्रश्नच आहे. रागाला ते मुळीच लागू होत नाही, कारण येथे लिहिलेले जसेच्या तसे म्हणणारा चुकत नाही, पण राग गायला असेही त्याच्याबद्दल म्हणता येत नाही.

भातखंड्यांना हे ठाऊक नव्हते असे समजणे अन्यायाचे होईल. त्यांच्या लिपीत कंसात लिहिलेला एक पंचम चार स्वरांचा, धपमप असा, उच्चारायचा असतो. ज्या लिपीत एक अक्षर लिहून चार वाचायचे असतात तिच्या कर्त्याला अक्षराच्या मर्यादा सांगाव्या लागत नाहीत. तरीही त्यांनी घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत त्या छापल्या, कारण ज्याचे घर उस्तादाच्या दारापासून दूर आहे, ज्याची जात किंवा ज्याचे स्त्री असणे त्या दाराआड येते, त्याच्या हाती निदान रेखाक्षर तरी पडावे. शंकराचार्यांचा दृष्टान्त वैदिक अधिकाराच्या भिंतींआड राहिला. त्यातला युक्तिवाद मात्र या छापील पुस्तकांनी भिंतीबाहेर नेला, आणि असे करताना त्यात काहीही बदलावे लागले नाही.

या पुस्तकांत चिजांबरोबर रागांचे स्वरविस्तारही दिलेले आहेत. तेथे ताल नाही, म्हणून फुली, शून्य आणि आकडे गळून पडतात. उरतात ते स्वरांचे लहानमोठे पुंजके आणि त्यांच्यामधले स्वल्पविराम. स्वल्पविरामाचा अर्थ येथे थांबावे एवढाच आहे. किती वेळ थांबावे, थांबताना मागचा स्वर मनात कसा धरून ठेवावा आणि पुढचा कोठून उचलावा, याचे चिन्ह त्या पानावर नाही.