रिकामे घर आणि पश्चिमेची भिंत

हज हे इस्लामच्या पाच मूलभूत कर्तव्यांपैकी एक असून, शरीर धडधाकट आहे, गाठीला पैसा आहे आणि वाट सुरक्षित आहे अशा प्रत्येक मुसलमानाने जिल्हिज महिन्याच्या ८ ते १३ या तारखांना मक्केत व तिच्या परिसरात ठरलेले विधी आयुष्यात एकदा तरी पार पाडावेत, असे धर्मशास्त्र सांगते. या आज्ञेच्या पोटात एक तात्त्विक पेच आहे. ईश्वराला आकार नाही आणि स्थळही नाही, पूर्व आणि पश्चिम दोन्ही त्याचीच, माणूस जिकडे वळेल तिकडे तोच सन्मुख आहे, असे कुराण सांगते. तेच कुराण एका विशिष्ट दगडी वास्तूला त्याचे घर म्हणते आणि तिकडे तोंड करून प्रार्थना करण्यास व तिथवर प्रवास करण्यास फर्मावते. ज्याला स्थळ नाही त्याच्या घरी जायचे म्हणजे नेमके कुठे जायचे?

या प्रश्नाचे उत्तर काही अंशी त्या वास्तूच्या घडणीतच आहे. काबा ही सुमारे १३ मीटर उंचीची, काळ्या वस्त्राने आच्छादलेली चौकोनी इमारत असून तिच्या आत छताला आधार देणारे तीन खांब सोडल्यास पूजावे असे काही नाही. ना मूर्ती, ना समाधी. यात्रेकरू तिच्याभोवती सात फेरे घालतो, ज्याला 'तवाफ' म्हणतात, पण आत जाणे हा हजचा भाग नाही. केंद्र असे रिकामे ठेवल्यामुळे यात्रेची कलानिर्मिती केंद्रात न होता परिघावर झाली, आणि हा परिघ किती दूरवर पसरला हे पाहण्यास बुलढाणा जिल्ह्यासारखा, समुद्रापासून दूरचा, वऱ्हाडातला प्रदेश अधिक उपयोगी पडतो.

प्रार्थनेच्या वेळी ज्या दिशेला तोंड करायचे तिला 'किब्ला' म्हणतात. आरंभी ती जेरुसलेमकडे होती आणि इ. स. ६२४ मध्ये मक्केकडे वळवण्यात आली. बुलढाणा आणि मक्का यांच्या अक्षांशांत जेमतेम एका अंशाचा फरक असल्याने इथला किब्ला जवळजवळ थेट पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला आहे. दरवर्षी मेच्या २८ तारखेच्या सुमारास सूर्य मक्केच्या बरोबर माथ्यावर येतो, तेव्हा भारतीय घड्याळात दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे झालेली असतात, आणि त्या क्षणी जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतात उभी केलेली काठी आपल्या सावलीच्या उलट दिशेने किब्ला दाखवते. जुलैच्या मध्यावर हाच योग पुन्हा येतो, परंतु तेव्हा वऱ्हाडात आभाळ बहुधा भरलेले असते.

ही दिशा वास्तूत कशी उतरते, हे मोताळा तालुक्यातील रोहिणखेडच्या मशिदीत पाहता येते. इ. स. १५८२ मध्ये खुदावंत खान महदवी या सरदाराने ती बांधली. साखरखेर्डा, म्हणजे मुसलमानी आमदानीतले फतेहखेर्डा, येथील मशीदही त्याचीच. इथली मशीद पूर्वेकडून उघडी आणि पश्चिमेकडून बंद असते, आणि त्या बंद भिंतीच्या मध्यावर 'मेहराब' म्हणजे कमानीचा कोनाडा असतो. हिंदू देवळाच्या गाभाऱ्यात कोनाडा दिसला की डोळा मूर्ती शोधतो. मेहराबीत मात्र काहीही ठेवायचे नसते. काब्याचा रिकामेपणा हजारो कोसांवर अशा रीतीने दगडात कोरला गेला, आणि ज्याला हज कधीच परवडणार नव्हती अशा विणकराच्या किंवा शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या मुसलमानालाही त्या यात्रेची दिशा दिवसातून पाच वेळा गिरवता आली.

बांधणाऱ्याच्या नावापुढचे 'महदवी' हे बिरूदही थेट मक्केशी जोडलेले आहे. जौनपूरचे सय्यद मुहंमद (१४४३–१५०५) यांनी हिजरी ९०१ मध्ये, म्हणजे इ. स. १४९५–९६ च्या सुमारास, मक्केच्या यात्रेत असताना आपण 'महदी', म्हणजे अखेरच्या काळी येणारा मार्गदर्शक, असल्याचे प्रथम घोषित केले. त्यांच्या अनुयायांचा पंथ गुजरातमार्गे दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीत काही काळ राजाश्रयालाही पोहोचला. या पंथाचा पुढारी जमाल खान १५९१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या पक्षाकडून पराभूत होऊन मारला गेला, तो याच रोहिणखेडजवळच्या लढाईत. मक्केत उच्चारलेल्या एका दाव्याचा राजकीय शेवट त्याच पंथाच्या सरदाराने बांधलेल्या मशिदीच्या आसमंतात व्हावा, हा योगायोग इतिहासकारांनी जितका लक्षात घ्यायला हवा होता तितका घेतलेला दिसत नाही.

रोहिणखेडला लढाया होत, कारण बुऱ्हाणपूरकडून दख्खनेत चढणारी वाट तिथल्या घाटातून जाई. याच बुऱ्हाणपूरहून दुसरी वाट सुरतेला उतरे, आणि मोगल काळात सुरत हे हजचे प्रमुख बंदर असल्याने त्याला 'मक्केचा दरवाजा' म्हणत. औरंगजेबाची मुलगी झेबुन्निसा हिच्या आश्रयाने सफी बिन वली याने १६७६–७७ मध्ये केलेल्या हजचे वर्णन 'अनीस अल-हुज्जाज' या ग्रंथात लिहिले, आणि त्याच्या सचित्र प्रतीत जहाजे, बंदरे व यात्रेकरूंचे तळ काब्याइतक्याच आस्थेने रंगवलेले आढळतात. पुढे १८६७ मध्ये मुंबई–नागपूर लोहमार्ग पुरा झाला तेव्हा वऱ्हाडचा हाजी मलकापूरला गाडीत बसून मुंबईला जाऊ लागला, तिथल्या मुसाफिरखान्यात बोटीची वाट पाहू लागला. बोटीची ही यात्रा १९९५ नंतर थांबली आणि विमानाने महिन्यांची वाट काही तासांवर आणली.

परंतु जिल्ह्यात लाखोंना चालायला लावते ती हज नव्हे, 'जियारत'. संताच्या कबरीच्या दर्शनाला जियारत म्हणतात. ती ऐच्छिक असते आणि तिच्या योग्यतेबद्दल इस्लाममध्ये जुना वाद आहे. कबरींच्या दर्शनासाठी मुद्दाम प्रवास करू नये, असे मत देणारा धर्मपंडित इब्न तैमिया १३२६ मध्ये दमास्कसच्या किल्ल्यात कैद झाला आणि १३२८ मध्ये तिथेच वारला. सूफी परंपरेने मात्र संताचे सान्निध्य हाही ईश्वराकडे जाण्याचा मार्ग मानला. वादाचे मूळ वास्तूच्या भाषेत सांगता येते: काबा आणि मेहराब रिकामे आहेत, दर्गा रिकामा नाही.

बुलढाणा तालुक्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. 'सराई' म्हणजे वाटसरूंचे मुक्कामाचे ठिकाण (मराठीला लग्नसराईतून परिचित असलेली सराई वेगळी), आणि 'सैलानी' म्हणजे भटका, फिरस्ता. नाव भटक्याचे, पण आता तो स्थिर असून प्रवास भक्त करतात. हिंदू आणि मुसलमान दोघेही येतात, बाधा झाली असे समजून मनोरुग्णांना घेऊन नातलग येतात, आणि अंगावरून उतरवलेले नारळ होळीत टाकले जातात. पुढे 'संदल', म्हणजे कबरीवर चढवायच्या चंदनाच्या लेपाची मिरवणूक, सांडणीवरून निघते. ज्या मुलखात ओझे बैल ओढतो तिथे चंदनासाठी उंट लागावा, याची सांगड पूर्वी कैरोहून मक्केला शतकानुशतके उंटावर जाणाऱ्या 'महमल' या रिकाम्या शोभिवंत अंबारीशी घालण्याचा मोह होतो. थेट संबंध सिद्ध करता येत नाही, पण पवित्र वस्तूचे वाहन म्हणून उंटाला आलेला मान त्याच वाळवंटी वाटेचा आहे असे मानणे गैर ठरू नये.

हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असल्याने हज दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी मागे सरकते आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून मूळ ठिकाणी येते. सैलानीची यात्रा मात्र फाल्गुनातल्या होळीला बांधलेली असल्यामुळे ऋतू सोडत नाही. तेव्हा हरभरा आणि गहू घरात आलेले असतात, पेरणीला तीन महिने अवकाश असतो, आणि शेतकऱ्याला बैलगाडी, आता टेम्पो, जुंपायला सवड असते.