यश न आलेल्यांचा हिशेब

मनापासून केलेल्या कामाला यश आले नाही, तर ते काम वाया गेले असे म्हणावे काय? आम्ही शिक्षक मंडळी टक्केवारी काढून या प्रश्नातून मोकळे होतो. आयुष्याला तशी गुणपत्रिका नसते. विचारासाठी मी मुद्दाम एक दूरचे उदाहरण घेतो. जवळचे घेतले की आपण विचार सोडून बाजू घेऊ लागतो.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे विद्यापीठात शिकत असताना रॉबर्ट फॉर्स्टर आणि ग्रँट मॅक्लेनन या मित्रांनी 1977-78 च्या सुमारास 'द गो-बिटवीन्स' नावाचा रॉक बँड काढला. मॅक्लेननला तेव्हा वाद्य वाजवता येत नव्हते. त्याला वेड सिनेमाचे. फॉर्स्टरने त्याला बेस गिटार शिकवली आणि पुढे दोघेही गाणी लिहू लागले. लंडनला जाऊन त्यांनी बरीच वर्षे ओढगस्तीत काढली. 1988 पर्यंत सहा अल्बम झाले. समीक्षकांनी वाखाणले, जाणकारांनी जपले. पण खपाच्या यादीत वरची पायरी कधी मिळाली नाही. 1989 च्या अखेरीस बँड मोडला.

येथे कोणीही चटकन गीतेचा दाखला देईल आणि त्यांना निष्काम कर्मयोगी ठरवील. मला ते पटत नाही. त्यांना फळ हवे होते. आपले गाणे रेडिओवर वाजावे, घराघरांत जावे, यासाठी त्यांनी धडपड केली. मात्र फळासाठी त्यांनी काम बदलले नाही. 1983 चे 'कॅटल अँड केन' हे गाणे पाहा. परक्या लंडनमध्ये बसून मॅक्लेननने क्वीन्सलँडच्या उसाच्या मुलखातले आपले बालपण त्यात आणले. त्याचा ताल असा आडवळणी, की ठेका धरायला जावे तर पाय चुकतो. बाजाराकडे पाहून असे गाणे कोणी लिहिणार नाही. 2001 साली 'आप्रा' या तिकडच्या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेने देशातील तीस उत्तम गाणी निवडली, त्यांत ते होते. फळाची इच्छा हा दोष नव्हे. त्या इच्छेच्या हाती लेखणी देणे हा दोष, असे मला वाटते.

पण हिशेब पुरता मांडायचा तर खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. बँड मोडण्याचा निर्णय या दोघा मित्रांनी आपापसांत घेतला. जवळजवळ दहा वर्षे ड्रम वाजवणारी लिंडी मॉरिसन आणि व्हायोलिन वाजवणारी अमांडा ब्राऊन यांना तो नंतर कळवण्यात आला. दोघी फार दुखावल्या. 2000 साली मित्रांनी बँड पुन्हा उभा केला, तेव्हाही त्या त्यात नव्हत्या. ज्या मैत्रीचे आपण कौतुक करतो, तिची किंमत पुष्कळदा शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्याने मोजलेली असते. कामाशी प्रामाणिक असणे आणि सोबत्यांशी प्रामाणिक असणे, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. एकीचे गुण दुसरीत धरता येत नाहीत.

दुसऱ्या डावात तीन अल्बम निघाले. 2005 च्या 'ओशन्स अपार्ट'ला ऑस्ट्रेलियाचा 'एरिया' पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, मे 2006 मध्ये, मॅक्लेनन अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला. फॉर्स्टरने मित्रामागे बँडचे नाव पुढे चालवले नाही. 2010 साली ब्रिस्बेनमध्ये नदीवर नवा पूल खुला झाला. नागरिकांच्या पसंतीने त्याला या बँडचे नाव दिले गेले.

उशिरा का होईना, न्याय झाला, असे म्हणून आपण सुटकेचा नि:श्वास टाकतो. पण ज्यांच्या नावाचा पूल कधीच होत नाही, त्यांचे काय? पूल झाला नसता, तरी 'कॅटल अँड केन' आज आहे तेवढेच चांगले राहिले असते. आणि पूल झाला म्हणून त्या दोघींना झालेले दु:ख रतिभरही कमी होत नाही.