बिबट्याला शेजारी म्हणायचं तर

लॉस एंजेलिसमधल्या एका जनावरावरचा इंग्रजी लेख मराठीत आणायला घेतला आणि पहिल्याच शब्दाला अडले. तिकडे त्याला 'माउंटन लायन' म्हणतात. 'पहाडी सिंह' केलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आयाळ येते. या जनावराला आयाळ नसते, तो सिंह नव्हे, आणि त्याला डोंगरच लागतो असंही नाही. शेवटी 'प्यूमा' ठेवलं. शब्द बरोबर आहे, पण मराठीत त्याला वास नाही. गोठ्याबाहेर प्यूमा आलाय असं कुणी ओरडलं तर कुत्रंही भुंकणार नाही. लेख लिहून होईपर्यंत माझ्या मनात होता तो बिबट्याच.

भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये (पाटीवर हिंदीत 'कैंप') राहणाऱ्याला नावांच्या या गमतीची सवय असते. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने एकत्र आलेल्या माणसांची ही वस्ती, त्यामुळे एकाच गल्लीत चार-पाच भाषा. ठिपक्यांच्या त्या जनावराला हिंदीत तेंदुआ म्हणतात, तेलुगूत चिरुत पुली, बंगालीत चिताबाघ. उडियातलं नाव मला सर्वांत आवडतं: कलरापतरिया बाघ, म्हणजे कारल्याच्या पानांसारख्या ठिपक्यांचा वाघ. मराठीत बिबट्या, बिबळ्या, वाघरू. आणि गावात बऱ्याचदा नुसताच वाघ. शहरातला माणूस लगेच दुरुस्ती करतो, "अहो, तो वाघ नव्हे, बिबट्या." गावातल्याला ते माहीत असतं. त्याच्या लेखी शेळी नेणारा तो वाघ.

पण वर्तमानपत्रांतून त्याला आणखी एक नाव मिळालं आहे, ते म्हणजे नरभक्षक. माझं भांडण आहे ते त्या नावाशी. त्याआधी दोन जनावरांच्या गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली त्या प्यूमाची. त्याचं नाव पी-२२, म्हणजे खरं तर संशोधकांच्या वहीतला क्रमांक. २०१२ मध्ये तो लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये कॅमेऱ्यात दिसला. सांता मोनिकाच्या डोंगरातून तिथवर पोचायला त्याने दोन अवाढव्य महामार्ग ओलांडलेले असणार. पुढची दहा वर्षं तो तिथे एकटाच राहिला. चहूकडे रस्ते आणि घरं, मादी येणार कुठून? डिसेंबर २०२२ मध्ये त्याला पकडून तपासलं, तेव्हा वाहनाच्या धडकेच्या असाव्यात अशा जखमा आणि म्हातारपणाची दुखणी इतकी निघाली की १७ तारखेला त्याला इंजेक्शन देऊन मरण दिलं. शहराने त्याची शोकसभा भरवली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथल्या १०१ क्रमांकाच्या महामार्गावर खास प्राण्यांसाठी एका रुंद पुलाचं काम सुरू झालं होतं.

दुसरी गोष्ट आपल्याकडची, आणि आधीची. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वयस्क आणि शांत होता, म्हणून त्याचं नाव पडलं आजोबा. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनविभागाच्या मदतीने त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बसवला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. तो तिथे राहिला नाही. शेतं, वस्त्या, रेल्वेचे रूळ, मुंबई-आग्रा महामार्ग, वाटेतली खाडी, सगळं पार करत साधारण महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. बहुधा आपल्या घरी निघाला होता. एवढ्या वाटेत त्याने एकाही माणसाला हात लावला नाही. २०११ च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेने तो मेला. २०१४ मध्ये त्याच्यावर सुजय डहाके यांनी 'आजोबा' हा मराठी चित्रपट काढला.

दोघांनाही नाव मिळालं, दोघांवर लोकांनी प्रेम केलं, आणि दोघांनाही अखेर गाठलं ते रस्त्याने. ज्या बिबट्याला नाव नसतं त्याची बातमी चार ओळींत संपते: अज्ञात वाहनाची धडक. 'अज्ञात' हा शब्द तिथे वाहनाला लागतो, पण वाचताना तो बिबट्यालाही लागतो. वाघाने माणूस मारला की आपण वाघ शोधतो. वाहनाने वाघ मारला की वाहन शोधल्याचं मी क्वचितच वाचलं आहे.

रस्त्यांबद्दल निदान काही करता येतं. नागपूरहून सिवनीकडे जाणाऱ्या महामार्गावर, महाराष्ट्रातल्या पेंचच्या जंगलात, प्राण्यांना रस्त्याखालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी मोकळी जागा सोडली आहे, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत लांबीची. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ आणि बिबटे दिसले आहेत. सिमेंटचं उत्तर सिमेंटने देता आलं, इतकंच. उसाच्या शेताचं उत्तर असं देता येत नाही.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागात कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं आणि पाठोपाठ ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. आत सावली, गारवा, बाजूच्या पाटाला पाणी आणि बांधापलीकडे कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्याच्या माद्या तिथेच वितात. त्या पिल्लांनी डोंगर पाहिलेला नसतो. ऊस हेच त्यांचं रान. म्हणून 'जंगलातून भरकटलेला बिबट्या' हे बातमीतलं वाक्य वाचलं की मला थांबावंसं वाटतं. कुणीच भरकटलेलं नाही. आपण त्याच्यासाठी न लावलेलं पीक त्याला मानवलं.

२००१ पासून जुन्नर परिसरात बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम जोरात चालली. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याचा हिशेब मांडला. त्याआधीच्या वर्षांत माणसांवर सरासरी ४ हल्ले होत होते. २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटरवर नेऊन सोडल्यानंतरच्या काळात ते वर्षाला १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं, पिंजऱ्यात घाबरलेलं, घराकडे निघालेलं जनावर जास्त धोकादायक ठरलं असावं. याउलट त्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी, अकोले तालुक्यात, दर चौरस किलोमीटरला तीनशेवर माणसं राहतात आणि २०१३ मध्ये छापून आलेल्या त्यांच्याच अभ्यासानुसार तिथे दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटेही राहतात. त्यांच्या खाण्यात मोठा वाटा भटक्या-पाळीव कुत्र्यांचा. माणसं मात्र मारली जात नव्हती. म्हणजे जवळ राहणं हेच संकट असतं असं नव्हे.

पण हा दाखला देऊन शांत बसायची सोय २०२५ ने ठेवली नाही. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीन आठवड्यांत तिघांचा जीव गेला. त्यात दोन लेकरं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, वनविभागाची गाडी जाळली, आणि दोनच दिवसांत एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. त्या दिवसांतलं एक छायाचित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. शेतात काम करणाऱ्या बायाबापड्यांनी गळ्यात खिळे लावलेले पट्टे बांधले आहेत. असे पट्टे मेंढपाळ आपल्या कुत्र्यांना बांधतात. आजोबाच्या गळ्यातल्या पट्ट्यातून संशोधकांना खबर जात होती. या पट्ट्यांतून कुणालाच काही कळत नव्हतं.

आता ते 'नरभक्षक'. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अकराव्या कलमात हा शब्द नाही. तिथे विचारलं आहे ते इतकंच: हे जनावर मानवी जिवाला धोकादायक झालं आहे का, आणि पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं खरंच अशक्य आहे का? कोरडे प्रश्न आहेत आणि मला ते सभ्य वाटतात. 'नरभक्षक' आलं की मागोमाग 'धुमाकूळ', 'दहशत', 'जेरबंद', 'खात्मा' येतात आणि बघता बघता आपण पोलीस ठाण्यात असतो. आरोपी सापडला, शिक्षा झाली.

एम.ए.ला असताना मध्ययुगीन युरोपातल्या प्राण्यांवरच्या खटल्यांबद्दल वाचलं होतं. १३८६ मध्ये फ्रान्समधल्या फालेझ गावात एका मुलाला मारल्याबद्दल एका डुकरिणीला रीतसर फाशी दिली. तिला माणसाचे कपडे घातले होते असं सांगतात. वर्गात सगळे हसलो होतो. आता वाटतं, आपणही कपडेच घालतो, फक्त शब्दांचे. आणि त्या खटल्याने जे साधलं असेल तेच आपल्या शब्दांनी साधतं. डुकरिणीला फासावर चढवलं की गल्लीत मोकाट डुकरं का होती आणि मूल एकटं का होतं, हे विचारायला कुणी उरत नाही.

मी प्राणीप्रेमी म्हणून हे बोलत नाही. माणसांवर पुन्हा पुन्हा हल्ला करणारा बिबट्या मारावा लागला तर मारावा. लेकरू गमावलेल्या घरापुढे उभं राहून याहून वेगळं बोलण्याची माझी छाती नाही. माझं म्हणणं एवढंच की त्याला न्याय म्हणू नये. न्याय म्हटलं की फाईल बंद होते.

आणि दुसऱ्या बाजूच्या गोड शब्दाचंही मला तितकंच वावडं आहे. तो शब्द 'सहजीवन'. गेल्या काही वर्षांत अनुवादासाठी आलेल्या कितीतरी मजकुरांत तो भेटला. सहजीवन हा मराठीत लग्नातला शब्द. त्यात निवड आहे, लोभ आहे. शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते म्हणून रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाने काय निवडलं आहे? आणि त्या बिबट्याला तरी कुणी विचारलं होतं? माणूस दगावला तर सरकार २५ लाख रुपये देतं. ते द्यायलाच हवेत. पण सहजीवनाचं आवाहन करणारा आणि त्याची किंमत मोजणारा ही दोन वेगळी माणसं आहेत, हे त्या रकमेने झाकलं जात नाही.

मला 'शेजार' हा शब्द चालेल. शेजारी आपण निवडत नाही. कॅम्प-१ मधल्या कुणीही निवडला नव्हता. शेजाऱ्यावर प्रेम असावंच लागतं असं नाही. त्याच्या वेळा माहीत असाव्या लागतात, मधे भिंत लागते, कधी कचाकचा भांडावंही लागतं. शेजारधर्म हा भावनेपेक्षा सवयीचा मामला आहे. वारल्यांचा वाघोबा याच जातीचा असावा. त्याच्या कथांमध्ये भक्तीइतकाच करार असतो: तुला ठाण्यावर तुझा वाटा मिळेल, तू आमच्या गुराढोरांना सांभाळून अस. अश्विन वद्य द्वादशीला आपण घरी वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतो, त्याच दिवशी डोंगरात वाघबारस असते. एकाच तिथीला गाय आणि तिला खाणारा, दोघांचा मान.

त्या कराराचा उमाळा आणून मात्र उपयोग नाही. तो दोन पक्षांत होता आणि दोघेही तिथेच राहत होते. आजच्या उसात पक्ष बरेच आहेत. पाणी देणारं खातं, वीज देणारी कंपनी, साखर कारखाना, कचरा उघड्यावर टाकून कुत्री पोसणारी बाजारपेठ, आणि स्वस्त साखर खाणारे आपण. यांतलं कुणी रात्री बांधावर उभं नसतं. शेजारधर्म पाळायचा तर तो यांनी आधी पाळायला हवा. शेतीला दिवसा वीज, पक्का गोठा, उचललेला कचरा, आणि बोलावल्यावर येऊ शकेल इतका मनुष्यबळ असलेला वनविभाग. बिबट्याच्या मनःस्थितीवर आणि गावकऱ्यांच्या समजूतदारपणावर घसरायचं ते नंतर.

ऊसतोडीच्या हंगामात जुन्नरकडे एक गोष्ट नेहमी घडते. कोयता चालता चालता उसाच्या तळाशी पिल्लं सापडतात. तोड थांबते, वनविभागाची माणसं येतात, पिल्लं तपासतात आणि अंधार पडला की त्याच जागी खोक्यात ठेवून लांब जाऊन बसतात. बहुतेक वेळा रात्रीतून आई येते आणि एकेकाला तोंडात धरून दुसऱ्या फडात नेते. या खेळात प्रत्येकाला आपापली जागा कळलेली असते. फक्त तोडकऱ्यांचं काय, हे त्या बातम्यांत नसतं. ती माणसं बीडकडून आलेली असतात, मजुरी टनावर असते, आणि तोड थांबली की तेवढी बुडते. रात्री ती फडाजवळच झोपतात, कोपीत. कोपी म्हणजे पाचट आणि ताडपत्रीची, आणि तिला दार नसतं.